नोकरी चालू असताना दुसरी शोधायची आहे, अंबडमध्ये कोणाला कळू न देता

कॅलिपर

नमस्कार मंडळी. तीन-चार वर्षं इथे नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबला तर सांभाळून घ्या.

नाशिकच्या अंबडला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात क्वालिटीत आहे. ट्रेनी म्हणून लागलो, आता ९ वर्षं ७ महिने झाले. वय ३४. पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेतलाय, त्याचा हप्ता २१ हजार. मुलगी दुसरीत, आई आमच्याकडेच असते, बायको घरी शिकवण्या घेते.

दोन वर्षं पगारवाढ नावालाच झाली. ते एक वेळ सोसलं असतं. पण आमच्या सगळ्यात मोठ्या ग्राहकाचा एक पार्ट बंद होतोय आणि त्याच्या जागी येणारा नवा पार्ट परराज्यातल्या प्लांटला गेला. डाय, म्हणजे पार्ट बनवायचे साचे, तिकडे रवाना झाल्या त्या दिवशी तपासणीच्या कागदावर सही माझीच होती. वरून कोणी काही बोलत नाही, पण रात्रपाळी बंद झालीय आणि कंत्राटी मुलं निम्मी कमी केलीत. ज्याला समजायचं त्याला समजतंय.

अडचण अशी की अंबड-सातपूर म्हणजे एक मोठा वाडाच आहे. एक्सलो पॉइंटला चहाला उभं राहिलं की चार कंपन्यांच्या बातम्या कानावर पडतात. आमच्या मेंटेनन्सच्या एकाने दोन वर्षांपूर्वी सातपूरला मुलाखत दिली, दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी ते कँटीनमध्ये सगळ्यांना माहीत होतं. त्याला ती नोकरी मिळाली नाही, आणि इथेही त्याच्याकडे बघण्याची नजर बदलली ती बदललीच.

म्हणून विचारतोय. पोर्टलवर बायोडेटा टाकला तर आमच्या एचआरला दिसतो का? मुलाखतीला सुट्टी काय सांगून घ्यायची? नोटीस ९० दिवसांची आहे, एवढं कोण थांबतं?

आणि शेवटचं, जे खरं तर मला जास्त खातंय. आमच्या साहेबांनी मला मायक्रोमीटर धरायला शिकवला. सीएमएमवर (पार्टची मापं तपासायचं मशीन) बसवलं, ऑडिटला पुढे केलं. त्यांच्या केबिनसमोरून जाताना हल्ली मान खाली जाते. त्यांच्यापासून लपवणं ही फसवणूक आहे का?

निशिगंध

मी १९ वर्षं एचआरमध्ये आहे, त्यातली १४ नाशिकच्याच एमआयडीसीत. जे टेबलाच्या या बाजूने दिसतं ते सांगते.

हो, बायोडेटा दिसतो. आम्ही पोर्टलवर माणसं शोधतो तेव्हा 'सध्याची कंपनी' असा रकाना असतो. त्यात स्वतःच्याच कंपनीचं नाव टाकून बघणारे एचआर आहेत. कोण शेवटचं कधी येऊन गेलं, बायोडेटा कधी बदलला, सगळं कळतं. नोकरीच्या पोर्टलवर ठरावीक कंपन्यांना आपला बायोडेटा दिसू न देण्याची सोय असते. ती सेटिंगमध्ये जाऊन आधी करा, बायोडेटा नंतर चढवा. कंपनीची नोंद दोन-तीन नावांनी असू शकते. जुनं नाव, ग्रुपचं नाव, दुसरं युनिट. सगळी टाका.

पण दादा, बातमी फुटते ती तिथून नाही. ती फुटते कन्सल्टंटकडून. तुमची कंपनी ज्या कन्सल्टंटकडून माणसं घेते त्याचं पोर्टलवर स्वतःचं वेगळं खातं असतं. तुम्ही तुमच्या कंपनीला अडवलंत, त्याला नाही. तो मुंबईत किंवा पुण्यात बसलेला असतो, त्याला अंबडचा क्वालिटी इंजिनियर हवा असतो, आणि चांगला बायोडेटा दिसला की तो एका झटक्यात पाच ठिकाणी पाठवतो. त्या पाचात एक तुमचीच कंपनी निघाल्याचं मी डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या मेलमध्ये सकाळी सकाळी आमच्याच टूलरूमच्या मुलाचा बायोडेटा आला होता. मी तो मेल कोणाला दाखवला नाही. दुसरी कोणी असती तर दाखवला असता.

त्यामुळे कन्सल्टंटशी फोनवर बोलणं झालं की लगेच लेखी पाठवायचं: 'माझा बायोडेटा कोणत्याही कंपनीला पाठवण्याआधी कंपनीचं नाव सांगून माझी परवानगी घ्यावी. परवानगीशिवाय कुठेही पाठवू नये.' एवढ्या दोन ओळी. जो कन्सल्टंट यावर कुरकुर करतो त्याच्याकडे बायोडेटा द्यायचाच नाही.

सुट्टीचं सोपं आहे. अंबड-सातपूरच्या बऱ्याच कारखान्यांना शनिवारी साप्ताहिक सुट्टी असते आणि चाकण-भोसरीकडे ती गुरुवारी. म्हणजे तुमच्या सुट्टीच्या दिवशी तिकडचा कारखाना चालू, मुलाखत घेणारे साहेब जागेवर. शनिवार मागून घ्या. चांगल्या कंपन्या समजून घेतात, कारण नोकरीत असलेला माणूस कामाच्या दिवशी सारखा गायब होऊ शकत नाही हे त्यांनाही कळतं. पहिली फेरी बहुतेक वेळा ऑनलाइनच होते, ती संध्याकाळी सातनंतर मागा.

साहेबांबद्दल उद्या सविस्तर लिहिते. त्याला दोन ओळी पुरणार नाहीत.

मेघमल्हार

मी आयटीत आहे, घरून काम करते, त्यामुळे कारखान्यातलं माहीत नाही. पण एक कळकळीची विनंती. ऑफिसच्या लॅपटॉपवर यातलं काही म्हणजे काहीही करू नका. पोर्टल उघडणं नाही, बायोडेटा टाइप करणं नाही, पेनड्राइव्ह लावणं नाही. त्याच लॅपटॉपवर व्हॉट्सॲप वेब चालू ठेवलेलं असतं हे लोक विसरतात. कन्सल्टंटचा मेसेज मीटिंगमध्ये पडद्यावर झळकलेला मी पाहिलाय, आणि त्या मुलाचा चेहराही.

लिंक्डइनवर 'ओपन टू वर्क'चे दोन प्रकार आहेत. एकात फोटोभोवती हिरवी कड येते, ती सगळ्या जगाला दिसते. दुसऱ्यात फक्त रिक्रूटर्सना दिसतं, आणि तुमच्या कंपनीच्या रिक्रूटर्सपासून ते लपवायचा प्रयत्न होतो. प्रयत्न म्हणते, कारण पूर्ण गुप्ततेची हमी देत नाही असं लिंक्डइनच सांगतं. आणि प्रोफाइल दुरुस्त करायला घेण्याआधी बदल सगळ्यांना कळवणारं बटण बंद करा. पाच वर्षं धूळ खात पडलेली प्रोफाइल एका रविवारी झळाळली की ओळखीचे विचारतातच.

गोंदे_शिफ्ट

सुट्टीच्या कारणावरून माझं सांगतो. भाऊ, हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

मी मुलाखतीसाठी मधल्या वारी सुट्टी घेतली आणि कारण सांगितलं की वडिलांना ॲडमिट केलंय. माझ्या लाइनवरची पोरं मायेची. शिफ्ट सुटल्यावर चौघं जण सफरचंदं घेऊन थेट सिडकोत माझ्या घरी आले. दार वडिलांनीच उघडलं. मी तेव्हा पुण्याहून परतीच्या बसमध्ये होतो, संगमनेरच्या आसपास. वडिलांनी त्यांना आत घेतलं, चहा दिला आणि 'आता बरं वाटतंय' एवढंच बोलले. माझ्यासाठी ते आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले. मी घरी आलो तर सफरचंदं टेबलावर तशीच होती. ते मला एक शब्दही बोलले नाहीत.

ती नोकरी मला मिळाली. तिथे चार वर्षं काढली, सगळं चांगलं झालं. पण त्या चौघांपैकी एकालाही अजून खरं सांगू शकलेलो नाही. आजारपण, मयत, यातलं कारण कधीही देऊ नका. 'घरचं काम आहे' एवढं सांगा. पीएल, म्हणजे भरपगारी रजा, तुमच्या हक्काची आहे, तिला कहाणी लागत नाही.

कॅलिपर

गोंदे_शिफ्ट, हे वाचून गलबलून आलं. मीही आईच्या डोळ्यांच्या तपासणीचं कारण मनात तयार ठेवलं होतं. आता नाही देणार.

जुनी_वेल

मी निवृत्त आहे. सातपूरला एका कारखान्यात शेवटची अकरा वर्षं प्लांट हेड होतो, म्हणजे तुमच्या साहेबांच्या खुर्चीवर बसून आलोय. वेगळं मत मांडतो.

साहेबांना सांगा. ज्या माणसाने तुम्हाला मायक्रोमीटर धरायला शिकवला त्याला तुमचं जाणं तिसऱ्याकडून कळलं तर ते लागतं. माझ्या बाबतीत झालंय. माझ्या हाताखाली तयार झालेला मुलगा सोडून चाललाय हे मला एका व्हेंडरने सांगितलं, तेही सगळ्यांसमोर. मुलगा गेला याचं दुःख नव्हतं, माणसं जातातच. उलट दुसरा एक जण सरळ केबिनमध्ये आला होता. म्हणाला, साहेब, घर भागत नाही. मी दोन ठिकाणी फोन केले, महिन्याभरात त्याचं काम झालं. आजही दिवाळीला घरी येतो.

लेथ_ते_सीएनसी

जुनी_वेल काका, तुमच्यासारखे साहेब असतील तर प्रश्नच नाही. माझा अनुभव उलटा आहे.

मी विश्वासाने सांगितलं होतं. हातात काही नसताना, नुसतं 'बघतोय' म्हणून. साहेब गोड बोलले. पुढच्या आठवड्यात नव्या मशिनच्या ट्रेनिंगच्या यादीतून माझं नाव गेलं. मग ग्राहकाच्या ऑडिटला मला बाजूला बसवलं. अप्रेझलला सांगितलं, तू तर चाललाच आहेस. बाहेरचं काम व्हायला मला आठ महिने लागले. ते आठ महिने रोज गेटवर पंचिंग करताना पोटात गोळा यायचा. साहेब वाईट होते असं मी म्हणणार नाही. वरून त्यांना विचारणा होत असणार की कोणावर खर्च करायचा. पण भोगलं मी.

निशिगंध

काल म्हटलं होतं त्याप्रमाणे साहेबांबद्दल. वरचे दोन्ही अनुभव खरे आहेत आणि दोन्ही मी कंपनीच्या बाजूने पाहिलेत.

जुनी_वेल सर, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून एक म्हणते. साहेब कितीही मोठ्या मनाचे असले तरी ते कंपनीचे अधिकारी आहेत. त्यांच्या कानावर गेलं की त्यांच्यापुढे पेच उभा राहतो. पुढच्या वर्षीचं मनुष्यबळ त्यांना लिहून द्यायचं असतं. तुमचं नाव त्यात लिहिलं तर त्यांनी वरच्यांपासून लपवलं असं होतं, आणि नाही लिहिलं तर तुमचं नुकसान. ज्याच्यावर माया आहे त्याला या कात्रीत कशाला धरायचं? कॅलिपर, तुम्ही गप्प राहता त्यात त्यांचीही सोय आहे, असं मला मनापासून वाटतं.

फसवणूक कधी होते ते सांगते. त्यांनी समोर बसवून विचारलं, 'पुढच्या वर्षीच्या नव्या लाइनची जबाबदारी तू घेतोस ना?' आणि तुम्ही ऑफर लेटर खिशात ठेवून हो म्हणालात, तर ती फसवणूक. कंपनीच्या खर्चाने लांबचं ट्रेनिंग घेतलंत आणि महिन्यात राजीनामा टाकलात, तीही. बाकी रोजचं काम चोख करून शनिवारी मुलाखत देणं हा तुमचा अधिकार आहे.

सांगायचं, पण लेखी ऑफर हातात आल्यावर, आणि सगळ्यात आधी त्यांनाच. मेल टाकून नाही. आधी केबिनमध्ये बसून बोलायचं, मग त्याच दिवशी मेल. कँटीनमध्ये एकाही माणसाला त्याआधी कळता कामा नये. जिवलग मित्रालाही नाही. त्याच्यावर अविश्वास म्हणून नव्हे, त्याला साहेबांसमोर 'मला माहीत नाही' असं खोटं बोलावं लागू नये म्हणून.

जुनी_वेल

निशिगंध, पटलं. मनुष्यबळाची यादी मीही भरायचो. त्या यादीचा विचार लिहिताना माझ्या मनात नव्हता. ऑफरनंतर सगळ्यात आधी साहेबांना, हे योग्य आहे.

पासधारक

पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला मुलाखतीला जाणार असाल तर पासधारकांच्या डब्यात बसू नका. रोजचे लोक आहेत, नवा चेहरा लगेच टिपतात आणि मोकळेपणाने चौकशी करतात. मला माझ्याच कंपनीचे परचेसचे साहेब भेटले होते. मी खरं तेवढंच बोललो, 'वैयक्तिक काम आहे'. त्यांनी पुढे विचारलं नाही. नंतर कळलं की तेही त्या दिवशी त्याच कामाला निघाले होते.

हिशेबनीस

पैशांचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

ग्रॅच्युइटी: पाच वर्षं कधीच झालीत, त्यामुळे मिळणारच. शेवटच्या वर्षात सहा महिन्यांपेक्षा जास्त झाले की पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे तुमची दहा वर्षं. बेसिक आणि डीए मिळून २८ हजार धरू. २८,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले १०, म्हणजे साधारण १ लाख ६१ हजार ५३८. देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यावी लागते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात, त्यात वेतनाची व्याख्या बदललीय, त्यामुळे बेसिक फार कमी आणि भत्ते फार जास्त असतील तर आकडा वाढू शकतो. पगाराची पावती समोर घेऊन बसा.

पीएफ: काढू नका, ट्रान्सफर करा. ट्रेनी म्हणून लागलात तेव्हा पगार १५ हजारांच्या आत असणार, म्हणजे पेन्शन योजनेतही असाल. पासबुकात पेन्शनचा वेगळा रकाना आहे, बघून घ्या. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. पैसे काढलेत तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून, ट्रान्सफर केलेत तर जुनी सेवा पुढे जोडली जाते. म्हणून 'दहा पूर्ण होईपर्यंत थांबतो' असा विचार करत असाल तर गरज नाही.

जुन्या कंपनीने पीएफच्या साइटवर सोडल्याची तारीख भरली नाही की ट्रान्सफर अडकते. शेवटचा भरणा झाल्यावर दोन महिन्यांनी ती तारीख तुम्ही स्वतः भरू शकता. जुन्या आणि नव्या नोकरीच्या तारखा एकमेकींवर चढू देऊ नका, नंतर निस्तरताना जीव जातो.

आईला कंपनीच्या मेडिक्लेममध्ये घेतलंय का? तो विमा सहसा नोकरीबरोबरच संपतो. मोतीबिंदू वगैरे काही राहिलं असेल तर आधी उरका.

काळा_कोट

वकिली करतो, नोकरीच्या करारांची कामं बघतो. नेमणूकपत्र काढून शांतपणे वाचा. ९० दिवस लिहिलेत, ठीक. पण त्याऐवजी पैसे भरून सुटता येतं का, आणि ते बेसिकवर की पूर्ण पगारावर, हे त्यातच लिहिलेलं असतं. कुठे 'कंपनीच्या मर्जीनुसार' असे शब्द असतात, मग पैसे भरायची तयारी असूनही कंपनी थांबवून धरते.

'सोडल्यावर दोन वर्षं याच धंद्यातल्या दुसऱ्या कंपनीत जाणार नाही' असं कलम असेल तर घाबरू नका. भारतीय करार कायदा १८७२, कलम २७. नोकरी सोडल्यानंतर रोजीरोटीवर घातलेली अशी बंदी आपल्याकडची न्यायालयं सहसा टिकू देत नाहीत. नोकरीत असताना मात्र दुसरीकडे काम करायचं नाही ही अट बंधनकारक आहे.

बाँडची गोष्ट वेगळी. ठरावीक वर्षं काढीन, नाहीतर इतके भरीन, असं लिहून दिलं असेल तर ते कागदी वाघ समजू नका. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख भरण्याची अट वैध ठरवली. तुम्हाला दहा वर्षं होत आलीत, पण मधे एखाद्या ट्रेनिंगसाठी सही केली असेल तर आठवा.

आणि हे ठळक समजा. जाताना कंपनीचा एकही कागद नेऊ नका. क्वालिटीवाल्यांना मोह होतो. पीपीएपीच्या (ग्राहकाकडून पार्ट मंजूर करून घ्यायच्या) फाइली, कंट्रोल प्लॅन, आपणच बनवलेले सीएमएमचे प्रोग्रॅम, ग्राहकाची ड्रॉइंग. 'मीच केलंय' म्हणून लोक स्वतःच्या जीमेलवर पाठवतात. ते तुमचं नाही. त्या एका मेलवरून नोटीस आलेला माणूस माझ्याकडे बसून रडलाय. आपल्या पगाराच्या पावत्या, फॉर्म १६, नेमणूक आणि बढतीची पत्रं, पीएफचं पासबुक, हे तुमचं. ते मात्र राजीनाम्याआधी उतरवून घ्या, नंतर लॉगिन बंद होतं.

कॅलिपर

सगळ्यांचे मनापासून आभार. निशिगंधताईंच्या त्या दोन ओळी जशाच्या तशा वापरल्या. तीन कन्सल्टंटपैकी दोघांनी 'ओके सर' म्हटलं, एकाने 'असं चालत नाही आमच्याकडे' म्हटलं. त्याला नाही दिला.

गेल्या शनिवारी चाकणला जाऊन आलो. पहाटे द्वारकेवरून बस धरली. कारखान्याच्या गेटवर भेटीला येणाऱ्यांचं रजिस्टर होतं: नाव, कंपनी, कोणाला भेटायचंय, सही. माझ्या वर सात-आठ ओळींवर आमच्याच कंपनीच्या मार्केटिंगच्या माणसाची आदल्या दिवशीची नोंद! हात थबकला. कंपनीच्या रकान्यात मी 'वैयक्तिक, नाशिक' लिहिलं. वॉचमनने काही विचारलं नाही. पण तो माणूस पुढच्या वेळी तेच पान उलटून बघेल का, हा विचार परतीच्या वाटेवर पूर्ण नारायणगावपर्यंत डोक्यात होता.

मुलाखत चांगली झाली. त्यांनी विचारलं, सध्याच्या पार्टचं रिजेक्शन किती? मी टक्का सांगितला नाही. कशामुळे येत होतं, कसं शोधलं, किती खाली आणलं एवढं सांगितलं. समोरचे साहेब हसून म्हणाले, आकडा सांगितला असता तर मला आवडलं नसतं.

निशिगंध

छान केलंत. रजिस्टरचं आधी सुचवायला हवं होतं. मुलाखत ठरवतानाच एचआरला सांगायचं की मी नोकरीत आहे, गेटवर नुसतं नाव द्या. आम्ही करतो तशी व्यवस्था.

पुढे अर्ज भरून घेतील. त्यात 'सध्याच्या कंपनीशी संपर्क साधू का' असा चौकोन असतो. तिथे 'राजीनामा स्वीकारल्यानंतर' असं लिहा. संदर्भासाठी दोन नावं मागतील. तुमच्या कंपनीतून आधीच बाहेर पडलेले एखादे वरिष्ठ द्या. ग्राहकाकडचे एसक्यूई, म्हणजे पुरवठादारांची क्वालिटी बघणारे इंजिनियर, देऊ नका, कितीही जवळचे असले तरी. ते दर महिन्याला तुमच्या साहेबांसमोर बसतात.

आण्णा_सिन्नर

भाऊ, चाकणच कशाला? आमच्या सिन्नरच्या मुसळगावला, माळेगावला बघितलं का? चाकणला पगार दिसायला मोठा, पण तिकडे खोलीचं भाडं, दर आठवड्याला नाशिकची फेरी, आणि मुलगी बापाला शनिवार-रविवार ओळखणार. शनिवार-रविवार म्हणतोय खरा, पण तिकडे सुट्टी गुरुवारची. शाळेची सुट्टी आणि तुमची सुट्टी कधी एकत्र येणारच नाही.

कॅलिपर

आण्णा, गुरुवारचं हे डोक्यातच आलं नव्हतं. ते वाचून बायकोला दाखवलं, ती बराच वेळ काही बोलली नाही. सिन्नरकडे एक अर्ज टाकतो.

कॅलिपर

सात आठवड्यांनी लिहितोय, पण धागा अर्धवट सोडायचा नव्हता.

दोन्हीकडून ऑफर आली. चाकण ९ लाख २० हजार, सिन्नर ८ लाख १० हजार. आत्ता ६ लाख ८० हजार आहे. सिन्नरची बस पाथर्डी फाट्यावरून मिळते. भाडं आणि प्रवास वजा केला तर चाकणचा फरक महिन्याला फार राहत नव्हता, आणि आई एकटी पडली असती. सिन्नर घेतलं. ते ६० दिवस थांबायला तयार आहेत, उरलेल्या ३० दिवसांचे पैसे तेच भरणार. हे ऑफर लेटरमध्ये लिहून घेतलं. तोंडी सांगत होते, काळा_कोट साहेबांची आठवण झाली आणि लेखी मागितलं.

साहेबांना काल सांगितलं. जनरल शिफ्ट सुटल्यावर, केबिनमध्ये. सकाळपासून तीनदा दारापर्यंत जाऊन परत आलो होतो. बसलो आणि म्हणालो, सर, तुम्हाला सगळ्यात आधी सांगतोय, अजून कोणालाही माहीत नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं. किती मिळतायत विचारलं, मी सांगितलं. मग कुठे विचारलं, तेही सांगितलं. थोडा वेळ खिडकीतून बाहेर स्क्रॅप यार्डाकडे बघत राहिले. म्हणाले, 'डाय गेल्या त्या दिवशीच मला वाटलं होतं तू जाशील. मी असतो तर मीही हेच केलं असतं.' मग विचारलं, 'मला आधी का नाही बोललास?' मी म्हणालो, सर, तुम्हाला यादी भरायची होती. ते हो म्हणाले, बाकी काही नाही.

आज एचआरने पगार वाढवून देऊ का विचारलं. नाही म्हणालो. वाढवलेला पगार आला तरी डाय परत येणार नव्हत्या.

लेथ_ते_सीएनसी

अभिनंदन. नोटीसचे ६० दिवस जपून काढा. आता सगळे मनातलं बोलायला येतील, कंपनीबद्दल वाईट तुमच्या तोंडून वदवून घेतील. बोलू नका.

गोंदे_शिफ्ट

अभिनंदन भाऊ. तुमचा धागा वाचून मीही त्या चौघांपैकी एकाला फोन केला. त्याला तेव्हाच कळलं होतं म्हणे. वडिलांच्या हातावर सलाइनची खूण नव्हती, त्याने बघितलं होतं. दहा मिनिटं बोललो.

कॅलिपर

गोंदे_शिफ्ट, बरं केलंत.

माझ्या जागी येणारा मुलगा ठरला. आमचाच ट्रेनी, तीन वर्षं झालीत त्याला. साहेबांनी त्याला माझ्याकडे पाठवलं आणि सांगितलं, याला पहिल्यापासून शिकव. सोमवारी सीएमएमपासून सुरुवात करतोय.